कोल्हापुरात ग्राफिक डिझाइनचा छोटा व्यवसाय चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत ज्यांनी डिझाइनचे स्वतंत्र काम नुकतेच सुरू केले आहे, किंवा जे नोकरी सोडून ते सुरू करण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. राजारामपुरीत दोन सहकाऱ्यांसह छोटे कार्यालय चालवताना आमच्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी नवा डिझाइनर येतो आणि चहा होईपर्यंत बहुधा हेच प्रश्न विचारतो. रंगसंगती किंवा रेखाटन याविषयी त्यांतला क्वचितच एखादा असतो; बाकीचे सगळे पैशांचे आणि माणसांचे असतात.

सुरुवातीला जागा घ्यावी का, आणि नोंदण्या कोणत्या कराव्यात?

जागा लगेच घेण्याची गरज नाही. ग्राहक बहुतेक वेळा आपल्यालाच त्याच्या दुकानात किंवा कारखान्यात बोलावतो, आणि तेथे जाणेच आपल्याही हिताचे असते, कारण माल कसा तयार होतो आणि कोण विकत घेतो हे कार्यालयात बसून कळत नाही. कामगार मोजकेच असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्र नव्हे, केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती बँकेत चालू खाते उघडताना उपयोगी पडते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये असतो. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, पूर्णपणे निःशुल्क आहे, त्यामुळे तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या टंकलेखनाचे समजावेत. ही नोंदणी पहिले मोठे काम हाती घेण्यापूर्वीच करून ठेवावी. तिचे कारण थकलेल्या पैशांच्या उत्तरात येईल.

जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्या व्यावसायिकाला साधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यावर बंधनकारक होते. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणे बेकायदेशीर आहे. नोंदणी झाल्यावर डिझाइनच्या सेवेवर १८ टक्के कर येतो, आणि कोटेशनमध्ये ‘कर वेगळा’ असे लिहायचे राहिले तर तो आपल्याच खिशातून भरावा लागतो.

पहिल्या भेटीत ग्राहकाला नेमके काय विचारावे?

‘तुम्हाला कोणता रंग आवडतो’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, किंवा विचारूच नये. आधी हे विचारावे की हे काम कोणाच्या हातात पडणार आहे, तो माणूस ते कोठे उभा राहून पाहणार आहे आणि पाहिल्यावर त्याने काय करावे अशी अपेक्षा आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीची माहितीपुस्तिका पुण्यातील किंवा परदेशातील खरेदी अधिकारी वाचतो. त्याला कास्टिंगचे वजन, धातूची प्रत, यंत्रांची क्षमता आणि तपासणीची सोय पाहायची असते, पहिल्या पानावरची सूर्योदयाची छायाचित्रे नव्हे. याउलट कांदा-लसूण मसाल्याचे पाकीट किराणा दुकानाच्या फळीवर आठ-दहा पाकिटांच्या गर्दीत, तीन-चार फुटांवरून दिसते. ही दोन कामे घेऊन येणारी माणसे एकच वाक्य बोलतात, ते म्हणजे ‘जरा उठून दिसेल असं करा’. त्या ‘उठून’चा अर्थ दोन्हीकडे वेगळा असतो आणि तो काढून घेणे हे आपले काम आहे.

दुसरा महत्त्वाचा प्रश्न असा, की अंतिम होकार कोण देणार. कोल्हापुरातील बहुतेक व्यवसाय कुटुंबाचे आहेत. आम्ही एका गूळ व्यापारी कुटुंबासाठी खोक्याचे डिझाइन केले, तेव्हा पुण्याहून शिकून आलेल्या मुलाशी महिनाभर चर्चा करून सगळे ठरवले. छपाईच्या आदल्या दिवशी आजोबांनी ते प्रथमच पाहिले आणि खोक्यावर ढेप दिसत नाही, एवढे एकच वाक्य बोलून ते पेपर वाचू लागले. काम पहिल्यापासून करावे लागले. मला आजही वाटते की आजोबांचे बरोबर होते, आणि चूक माझी होती; पहिल्या भेटीत त्यांच्यासमोर बसायला हवे होते.

भेट संपल्यावर त्याच दिवशी, ठरलेल्या गोष्टी दहा-बारा ओळींत लिहून ग्राहकाला पाठवाव्यात आणि ‘हे बरोबर आहे का’ असे विचारावे. पुढे उद्भवणाऱ्या निम्म्या वादांचे उत्तर या ओळींतच असते.

दर कसा ठरवावा? ‘लोगोला किती घेता’ या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे?

गावातील दुसरा किती घेतो यावरून दर ठरवू नये. त्याचे घर स्वतःचे असेल, आपले भाड्याचे असेल. आपला हिशेब आपण मांडावा. समजा घरखर्च, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचे भाडे, संगणकाची झीज आणि थोडी बचत मिळून महिन्याला ६०,००० रुपये लागतात. महिन्यात २५ दिवस, दिवसाला आठ तास धरले तर २०० तास होतात. परंतु त्यातील निम्मा वेळ भेटी, कोटेशन, प्रेसच्या फेऱ्या आणि वसुलीत जातो, म्हणून बिल करता येण्याजोगे तास १०० च उरतात. म्हणजे तासाचा दर ६०० रुपये. एखाद्या बोधचिन्हाला अभ्यास, रेखाटने, सादरीकरण आणि दुरुस्त्या धरून २५ तास लागत असतील, तर १५,००० रुपये ही आपली किंमत झाली. ती जास्त वाटत असेल तर तास कमी करता येतील का ते पाहावे. तासांचा हिशेब न करता आकडा कमी करणे म्हणजे उरलेली रक्कम स्वतःच्या घरातून देणे होय.

येथे एक अडचण खास आपल्याकडची आहे. फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन ‘फुकट’ मिळते, कारण तेथे पैसे चौरस फुटाचे घेतले जातात आणि डिझाइन त्यातच धरलेले असते. त्यामुळे ‘तिकडे तर दहा मिनिटांत करून देतात’ हे वाक्य ऐकावे लागते. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. ज्याला उद्याच्या वाढदिवसाचा फलक हवा आहे, त्याने फ्लेक्सच्या दुकानातच जावे, असे आम्ही स्पष्ट सांगतो आणि दुकानाचा पत्ताही देतो. त्या दुकानातील मुले ज्या वेगाने काम करतात तो वेग आम्हाला जमणार नाही. दहा वर्षे टिकणारे चिन्ह आणि एका रात्रीचा फलक यांची किंमत एकाच मापाने मोजली जात नाही, हे त्याला त्याच्या व्यवसायातील उदाहरण देऊन सांगितले की पटते. चपलेच्या व्यापाऱ्याला तर फारच लवकर पटते.

पाहुणे, मित्र, तालीम मंडळ यांची कामे फुकट करावीत का?

या प्रश्नाला ‘कधीच करू नयेत’ असे उत्तर देणारा माणूस कोल्हापुरात राहत नसावा. पेठ आणि तालीम यांच्याशी नाते ठेवूनच येथे धंदा होतो. फुटबॉलचा हंगाम, शिवजयंती, गणेशोत्सव, नवरात्र असे निमित्त येतच राहते, आणि रात्री साडेदहाला फोन येतो: ‘तेवढं नाव टाकून दे की भावा, पाच मिनिटांचं काम हाय.’ नाही म्हटले तर नाते दुखावते आणि हो म्हटले तर पैसे देणाऱ्या ग्राहकाचे काम मागे पडते.

आम्ही यावर काढलेला मार्ग असा आहे. वर्षाला किती तास विनामूल्य द्यायचे हे आम्ही पाडव्याला ठरवतो, आणि ते कोणाला द्यायचे हेही. अशा प्रत्येक कामाचे पूर्ण रकमेचे बिल तयार करून त्यावर संपूर्ण सवलत दाखवतो आणि ते बिल अध्यक्षांच्या हातात देतो. बिलावर आठ हजारांचा आकडा छापलेला पाहिला की ‘पाच मिनिटांचं काम’ हा शब्दप्रयोग पुढच्या वर्षी आपोआप बंद होतो. शिवाय विनामूल्य कामाला दुरुस्तीची एकच फेरी असते, हे आधीच सांगितलेले असते. मंडळातील जी माणसे ते बिल पाहतात, त्यांच्यापैकी कोणाचे तरी दुकान असते, कोणाचे हॉटेल असते; आमच्या पैसे देणाऱ्या ग्राहकांपैकी बरेच जण याच वाटेने आले आहेत.

अॅडव्हान्स मागायला संकोच वाटतो. तो कसा मागावा?

संकोच तोंडी मागण्यात असतो. कोटेशनमध्येच निम्मी रक्कम कामाआधी, पाव रक्कम डिझाइन मान्य झाल्यावर आणि उरलेली अंतिम फाइल देण्यापूर्वी, असे लिहिलेले असले म्हणजे तो कार्यालयाचा नियम ठरतो. लिहून घेणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. वडिलांच्या ओळखीचा माणूस असेल तर उलट जास्त काळजीपूर्वक लिहावे, कारण तेथे बिघडले तर ग्राहक आणि घरोबा दोन्ही जातात. सहकारी संस्था आणि कारखाने अनेकदा अॅडव्हान्स देऊ शकत नाहीत. त्यांच्याकडून लेखी खरेदी आदेश घ्यावा आणि त्यात देयकाची मुदत लिहून घ्यावी.

दुरुस्त्या किती वेळा करून द्याव्यात?

आम्ही तीन फेऱ्या देतो. फेरी म्हणजे ग्राहकाने सर्व सूचना एकत्र करून एकदाच लिहून पाठवणे. सकाळी एक व्हॉट्सअॅप संदेश, दुपारी फोन आणि रात्री आवाजी निरोप, या तिन्ही मिळून तीन फेऱ्या झाल्या असे आम्ही मानत नाही, परंतु तिन्हींवर वेगवेगळे कामही करत नाही. एकत्र यादी येईपर्यंत थांबतो. चौथ्या फेरीपासून तासाचा दर लागू होतो, हे कोटेशनमध्ये लिहिलेले असते. गंमत अशी की चौथी फेरी क्वचितच येते.

‘मजा येत नाही’ ही सूचना मात्र यादीत बसत नाही आणि ती सर्वांत जास्त वेळा येते. तेव्हा ग्राहकाला उपाय विचारू नये, अडचण विचारावी. ‘नाव मोठं करा’ असे तो म्हणतो तेव्हा बहुधा नाव लहान नसते, त्याच्याभोवती गर्दी झालेली असते. गर्दी काढून दाखवली की नाव न वाढवताही त्याला ते मोठे झाल्यासारखे दिसते. कधी कधी मात्र नाव खरोखरच लहान असते आणि डिझाइनरला ते मान्य करायचे नसते.

मराठी अक्षरांच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी?

हा विषय आपल्या गावात तरी हलक्यात घेतला जाऊ नये. ज्या शहराने मेस्त्री आडनावाच्या कलामहर्षी बाबूरावांना ‘पेंटर’ याच नावाने कायमचे ओळखले, त्या शहराच्या पाट्यांवर एके काळी हाताने काढलेली सुंदर अक्षरे असत. आज तेथे हिंदी वळणाचे ‘श’ आणि ‘ल’ सर्रास दिसतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ ही रूपे प्रमाण मानली आहेत. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये ही रूपे दडलेली असतात, परंतु सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय ती उमटत नाहीत.

दुकानाच्या पाटीचा नियमही माहीत असावा. २०२२ मधील दुरुस्तीनंतर कामगारसंख्या कितीही असली तरी राज्यातील दुकानांच्या नामफलकावर मराठी देवनागरी अक्षरे सक्तीची आहेत, आणि ती इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. म्हणून बोधचिन्ह आधी रोमन अक्षरांत करून मग देवनागरी कसेबसे खाली चिकटवण्यापेक्षा, दोन्ही लिपींतील रूपे एकाच वेळी आखावीत.

मजकूर कोणत्या स्वरूपात येतो हेही पाहावे लागते. जुन्या प्रेसमध्ये अजून श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉन्ट-प्रणालीत काम चालते आणि ग्राहक मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवतो. एकदा एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचा मजकूर आम्ही असा रूपांतरित केला आणि ‘संचालकांच्या’, ‘सभासदांच्या’ यांतील जोडाक्षरे ठीक उमटल्यामुळे निश्चिंत झालो. ‘ऱ्य’ असलेला प्रत्येक शब्द मात्र बिघडला होता. ‘कर्मचाऱ्यांचे आभार’ या शीर्षकात ते छापून आले. पुन्हा छापलेल्या पानांचा खर्च आम्ही भरला, कारण चूक आमची होती. तेव्हापासून रूपांतरित मजकूर दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय बाहेर जात नाही.

शुद्धलेखनाची आणि आकड्यांची जबाबदारी कोणाची?

मजकूर ग्राहकाने दिला असेल तर त्यातील नावे, तारखा, फोन क्रमांक आणि आकडे त्यानेच तपासावेत, आणि अंतिम प्रूफवर ‘छपाईस मान्य’ असे लिहून सही करावी किंवा तसा संदेश पाठवावा. लग्नपत्रिकेत तर वार, तारीख आणि तिथी पंचांगाशी जुळतात का हे आपणही पाहून घ्यावे. मानपानाचा क्रम मात्र कधीही स्वतःच्या मताने बदलू नये.

ग्राहकाला बोधचिन्हात छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र हवे आहे. काय करावे?

नम्रपणे नकार द्यावा आणि कारण सांगावे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र यांचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी किंवा व्यापारचिन्हात वापरता येत नाही. दिनदर्शिकेवरील चित्राला सवलत आहे, पण तीही दिनदर्शिका मालाच्या जाहिरातीसाठी वापरली जात नसेल तरच. हा कायदा सांगितल्यावर ग्राहक सहसा वाद घालत नाही, कारण त्याच्या मनातही तेल किंवा साबणाच्या पाकिटावर, पुढे कचऱ्यात जाणाऱ्या कागदावर, महाराजांचे चित्र असावे असे नसते. त्याने तसा विचार केलेला नसतो, इतकेच.

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर काय असावेच लागते?

कायदेशीर माहिती पुरवणे ही उत्पादकाची जबाबदारी असली तरी तिच्यासाठी जागा ठेवणे ही आपली आहे. उत्पादकाचे नाव व पत्ता, पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एककाची (म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारी) विक्री किंमत, उत्पादनाची तारीख व वापराची मुदत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक पदार्थ, पोषणमूल्ये आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, एवढे तरी धरूनच चालावे. शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकोनात हिरवे वर्तुळ आणि मांसाहारी पदार्थाला तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. तांबड्या रश्श्याच्या तयार मसाल्यात मांस नसेल तर तेथे हिरवेच चिन्ह येते. पाकीट रोटोग्राव्हरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने, छापायचे असेल तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनतो. सिलिंडर बनल्यावर सापडलेली चूक फार महाग पडते, म्हणून त्याआधीच्या प्रूफवर उत्पादकाची सही घेतल्याशिवाय फाइल सोडू नये.

छपाई आपण करून द्यावी की फक्त फाइल द्यावी?

दोन्ही मार्ग चालतात. छपाई आपण घेतली तर दर्जावर लक्ष राहते, पण कागदाचे पैसे आपले अडकतात. आपण छपाईवर रक्कम आकारत असू तर ती देखरेखीचे शुल्क म्हणून उघड दाखवावी. प्रेसकडून गुपचूप कमिशन घेतलेले या गावात आठवडाभरही लपत नाही. नुसती फाइल देताना कडेने ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा), सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) रंग, छायाचित्रे ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) आणि अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे रेषाकृतींत, रूपांतरित केलेली, एवढे पाहावे. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, अन्यथा चित्र दाबले जाऊन खराब होते.

ग्राहक मूळ फाइल मागतो. ती द्यावी का? हक्क कोणाचा?

फाइल देणे आणि हक्क देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतंत्र डिझाइनरने केलेल्या बोधचिन्हाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः त्याच्याकडेच राहतो, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार तो हस्तांतरित करायचा तर लेखी व सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. ज्याला चिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करायची आहे, त्या ग्राहकासाठी हा करार फार मोलाचा असतो. आम्ही तो शेवटचे पैसे मिळाल्याच्या दिवशी स्वतःहून देतो आणि त्यात कायमस्वरूपी व जगभर असे स्पष्ट लिहितो. आपल्या कामाच्या संग्रहात ते दाखवण्याची मुभा मात्र राखून ठेवतो. बोधचिन्हाची मूळ फाइल आम्ही देतो. माहितीपुस्तिकेची संपादनक्षम फाइल हवी असेल तर तिचा दर वेगळा असतो, आणि विकत घेतलेले फॉन्ट तिच्यासोबत जात नाहीत, कारण ते दुसऱ्याला देण्याचा परवाना आपल्याकडे नसतो.

पैसे थकले तर काय करावे?

आधी समक्ष भेटावे. फोनवर ‘उद्या’ म्हणणे सोपे असते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी कराराच्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते, आणि फॅसिलिटेशन कौन्सिल या, थकीत देयकांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे दाद मागता येते. २०२३ च्या वित्त कायद्याने यात आणखी एक धार आली: मुदतीबाहेर गेलेले असे देणे ग्राहकाला आयकराच्या हिशेबात, प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षाच्या खर्चात धरता येते, त्याआधी नाही. त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात, उद्यम क्रमांक छापलेले बिल जोडून, ग्राहकाच्या हिशेबनिसाला एक सभ्य पत्र पाठवावे. आमच्या अनुभवात मालकाला केलेल्या दहा फोनपेक्षा हिशेबनिसाला गेलेले हे एक पत्र जास्त काम करते. मिळालेल्या रकमेतून टीडीएस कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा दिसतो का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

काम संपल्यावर फाइल किती काळ जपून ठेवाव्यात?

कोटेशनमध्ये आम्ही तीन वर्षे लिहितो आणि प्रत्यक्षात काहीच पुसत नाही. प्रत्येक ग्राहकाचे एक फोल्डर, त्यात वर्ष, त्यात काम, आणि अंतिम फाइलच्या नावात ‘छपाई’ हा शब्द व तारीख. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचे’ अशी नावे आमच्याकडे बंद आहेत. एक प्रत कार्यालयाबाहेर असते. २०१९ च्या महापुरानंतर शाहूपुरीतील एका जुन्या ग्राहकाने फोन करून लेटरहेड, बिलबुक आणि खोक्याची फाइल आहे का असे विचारले, तेव्हा त्याच्या दुकानातील कागद आणि संगणक पाण्याखाली गेले होते. आम्ही संध्याकाळपर्यंत सगळे पाठवून दिले आणि त्याचे बिल केले नाही.